भाग ३४ : आईचा व्हॅक्यूम, झिजलेले कार्बन आणि 'पार्ट बंद झालाय सर'

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' थोडे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं असं. दिवाळीच्या आधी तीन आठवडे सांगलीहून आईचा फोन. मी पुण्यात, हिंजवडीला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. आई म्हणाली, "अरे, ते व्हॅक्यूम बंद पडलं. थापटलं तरी चालू होईना."

मी म्हटलं, थापटलं म्हणजे?

तेव्हा कळलं की गेले आठ-नऊ महिने आई मशीन चालू करताना त्याच्या पाठीवर दोन थापा मारत होती. थाप मारली की सुरू. आणि मला हे काहीच माहीत नव्हतं. का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, "तू म्हणशील, फेक आणि नवीन घे." खरं सांगतो, मी तेच म्हणणार होतो. कार्टमध्ये एक रोबोवालं टाकून पण ठेवलं होतं, ईएमआयवर.

आता हे मशीन काय आहे ते सांगतो. १९९९ साली आईने घेतलेलं. तुमच्यापैकी ज्यांची घरं तेव्हाची आहेत त्यांना आठवत असेल, टाय लावलेले सेल्समन दारावर यायचे. गादीवर मशीन फिरवायचे, मध्ये एक पांढरा रुमाल लावायचे, आणि मग त्या रुमालावरची काळी धूळ घरातल्या बाईला दाखवायचे. आमच्याकडे पण तेच झालं. आई तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बाबा नको म्हणत होते. आईने स्वतःच्या पगारातून हप्त्यांवर घेतलं. घरात तिने कोणाला न विचारता घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. बाबा गेले त्याला आता चार वर्षं झाली, आणि आई एकटी राहते. तिला दमा आहे. केरसुणीने झाडलं की धूळ उडते आणि संध्याकाळी पंप घ्यावा लागतो. त्यामुळे व्हॅक्यूम आमच्या घरात चैनीची वस्तू कधीच नव्हती.

कंपनीचं नाव घेत नाही. एवढी वर्षं चाललेल्या मशीनबद्दल तक्रार कसली करायची. पण कस्टमर केअरचा अनुभव ऐका. मॉडेल नंबर सांगितला. पलीकडचा मुलगा बिचारा नम्र होता. "सर, या मॉडेलचा पार्ट बंद झालाय. एक्स्चेंज ऑफर आहे." मी म्हटलं, कुठला पार्ट? तुम्हाला अजून काय बिघडलंय तेच माहीत नाही. "सर, सगळेच पार्ट बंद झालेत." एक्स्चेंज धरून सात हजारांच्या आसपास. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे, मी ओल्या फडक्याने पुसून घेते." त्या वाक्याने मी शुक्रवारी रात्री सांगलीची बस पकडली.

सोबत मल्टीमीटर होता. कॉलेजचाच, साडेतीनशे रुपयांचा. आणि आत्मविश्वास होता, बीटेकचा. त्यातला मल्टीमीटर उपयोगी पडला.

पहिली गोष्ट, प्लग काढा. स्विच बंद करणं पुरत नाही, प्लगच काढून स्वतःच्या खिशाजवळ ठेवा. मी प्लग हातात घेतला आणि पोटात गोळा आला. वायर मशीनमध्ये जिथे शिरते तिथे काळी टेप. टेपवर टेप, त्यावर टेप. सोडवली तर आतलं इन्सुलेशन भेगाळलेलं आणि तांबं दिसतंय. मी आईकडे बघितलं. म्हणाली, "कधीतरी मुंग्या यायच्या हाताला. मग मी चप्पल घालून चालवायचे."

मी पाच मिनिटं काहीच बोललो नाही. हा भाग मुळात त्या पाच मिनिटांसाठी करतोय. तुमच्या घरी जी जुनी मशीन आहेत, मिक्सर, इस्त्री, गिझर, त्यांच्या वायरी या रविवारी एकदा बोटं फिरवून बघा. अर्थात प्लग काढून. आणि विचारा, की कुठल्या मशीनला मुंग्या येतात. आपले आईवडील ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत.

बरं. आता मशीन.

जुन्या व्हॅक्यूमचं आतलं सर्किट इतकं साधं आहे की तुम्ही हसाल. प्लग, वायर, वायर गुंडाळायची चकरी असेल तर ती, स्विच, आणि मोटर. मोटरच्या आत फिल्ड कॉइल, मग एक कार्बन, मग फिरणारं आर्मेचर, मग दुसरा कार्बन, मग दुसरी फिल्ड कॉइल आणि परत. सगळं एका माळेत. माळ कुठेही तुटली की मशीन बंद. आपण कोडमध्ये बग कुठल्या कमिटला आला ते निम्मं-निम्मं करत शोधतो ना, अगदी तसंच इथे करायचं. मीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, मशीनचा स्विच चालू करायचा, आणि प्लगच्या दोन पिनांवर लावायचा. चांगल्या मोटरला काही ओहम दाखवतो. माझ्याकडे काहीच नाही. मग झाकण उघडून स्विचच्या पुढे लावलं: वायर आणि स्विच ठीक. मोटरच्या दोन टोकांना: काही नाही. दोन्ही फिल्ड कॉइल वेगवेगळ्या बघितल्या: ठीक. म्हणजे गडबड दोन कार्बनच्या मध्ये.

इथे एक सावधगिरी. वायर आपोआप आत ओढून घेणारी चकरी असेल तर ती उघडू नका. आत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते, सुटली तर हात कापते. मी यूट्यूबवर बघून उघडणार होतो, खालच्या कमेंट वाचून थांबलो.

कार्बन म्हणजे काय, तर ग्रॅफाइटचा छोटा चौकोनी ठोकळा. मागे स्प्रिंग, पुढे फिरणारं तांब्याचं कम्युटेटर. स्प्रिंग ठोकळ्याला कम्युटेटरवर दाबून धरते आणि त्यातून करंट फिरत्या भागात जातो. तुमच्या मिक्सरमध्ये हीच व्यवस्था, ड्रिल मशीनमध्येही हीच. व्हॅक्यूमची मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे मारते, त्यामुळे कार्बन झिजणारच. तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो, पेन्सिलसारखा. आमचे दोन्ही कार्बन झिजून सात मिलिमीटर उरले होते आणि स्प्रिंगची पोच संपली होती. थाप मारली की ठोकळा थोडा पुढे सरकून टेकायचा. आईने नऊ महिने बरोबर तेच दुरुस्त केलं होतं, फक्त बाहेरून.

गंमत म्हणून हिशोब केला. आई आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं मशीन चालवते. वर्षाला साधारण पस्तीस तास. पंचवीस वर्षांत साडेआठशे तासांच्या वर. युरोपियन युनियनने २०१७ पासून व्हॅक्यूमसाठी मोटर किमान ५०० तास टिकलीच पाहिजे आणि होज ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरता आला पाहिजे, असा नियम लावला. म्हणजे आईचं मशीन त्या हिशोबातही पास झालं होतं. सात हजारांचं एक्स्चेंज दोन बोटांएवढ्या काळ्या ठोकळ्यांसाठी होतं.

आता खरा प्रश्न, कार्बन आणायचा कुठून. आणि इथे मी पहिली चूक केली. मशीनचं नाव आणि मॉडेल टाकून ऑनलाइन शोधलं, फोटो सारखा दिसला, २४९ रुपये भरले. दोन दिवसांनी आला तो एक मिलिमीटर बारीक. खोबणीत डुगडुगत होता. डुगडुगणारा कार्बन तिरका टेकतो, ठिणग्या उडतात, कम्युटेटर खराब होतं. वाया गेले पैसे.

पुढच्या आठवड्यात पुण्यात परत आल्यावर तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली. तुम्ही पुण्यात असाल आणि तिथे कधी गेला नसाल तर एक चक्कर माराच, इलेक्ट्रिकलची ही एवढीशी दुकानं आणि आत बरण्याच बरण्या. एका दुकानात मी रुबाबात मॉडेल नंबर सांगायला लागलो. काकांनी हात वर केला. "नमुना आणलाय का?" मी झिजलेला कार्बन काढून दिला. त्यांनी व्हर्नियर लावला. "सहा बाय अकरा. पाकिटासकट हवा की नुसता?" पाकीट म्हणजे कार्बन ज्यात सरकतो ती पितळी खोबण. मॉडेल त्यांनी विचारलंच नाही.

माझ्या डोक्यात तिथे काहीतरी उलगडलं. मी आतापर्यंत कंपनी शोधत होतो. पण बऱ्याचदा व्हॅक्यूमवर नाव एकाचं आणि आतली मोटर दुसऱ्याच कारखान्याची असते, मोटरच्या अंगावर वेगळं लेबल असतं. आणि कार्बन, बेअरिंग, पाइप हे सगळं मापावर चालतं. पार्ट बंद होतो तो कंपनीच्या यादीतून. सहा बाय अकराचं माप बाजारातून बंद होत नाही.

नेमकं सहा बाय अकरा त्या दिवशी नव्हतं, साडेसहा होतं. काका म्हणाले, घासून घे. हे लक्षात ठेवा: मोठा कार्बन घासून बारीक करता येतो, बारीक कार्बनला इलाज नाही. काचेवर झिरो पेपर सपाट ठेवायचा आणि त्यावर कार्बन सरळ घासायचा, मध्ये मध्ये खोबणीत घालून बघायचं. स्वतःच्या वजनाने अलगद सरकला पाहिजे. जोडी एकशेवीस रुपये. कार्बन बदलायचे तर दोन्ही एकदम, एक नवा एक जुना असं नाही. पुण्यात नसाल तर मुंबईत लोहार चाळ आहे, लॅमिंग्टन रोड आहे. आणि काहीच नसेल तर तुमच्या गावात मोटर वाइंडिंगवाला असतोच. शेतीच्या पंपांवर त्याचं दुकान चालतं आणि त्याच्याकडे कार्बनचा डबा असतो.

दुसरी चूक सांगतो. सांगलीला गेलो, कार्बन बसवले, आणि उत्साहात थेट प्लग लावला. मशीन सुरू झालं, आई टाळ्या वाजवते आहे, आणि मोटरमधून निळ्या ठिणग्यांचं कडं. वर एक कर्कश शिट्टी. बंद केलं आणि मोटर पिशवीत घालून गावातल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी बघितलं आणि म्हणाले, "लेका, नवा कार्बन थेट दोनशे तीसवर लावतोस व्हय?"

मग त्यांनी शिकवलं. नव्या कार्बनचं तोंड सपाट असतं, कम्युटेटर गोल. सुरुवातीला तो एका रेघेवरच टेकतो, सगळा करंट तिथून जातो, म्हणून ठिणग्या. त्याला आधी कमी करंटवर फिरवून गोलाई येऊ द्यायची. त्यासाठी त्यांच्याकडे सिरीज लॅम्प होता. लाकडी फळी, होल्डर, त्यात जुना शंभर वॅटचा तारेचा बल्ब, आणि बल्बच्या माळेतच पुढचं सॉकेट. मशीन त्या सॉकेटला लावलं की करंट बल्बमधून जातो. मोटर हळू फिरते आणि बल्ब मंद पेटतो. मोटरमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. मला वाटलं होतं चार वर्षांच्या डिग्रीत हे एकदा तरी कोणी दाखवायला हवं होतं. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आणि उघड्या तारांचा खेळ आहे, जाणकार माणूस शेजारी नसेल तर करू नका, हे मी गंमतीत म्हणत नाहीये.

बसवायच्या आधी काकांनी कम्युटेटर झिरो पेपरने हलकेच साफ केलं. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात. त्या फटी त्यांनी टूथपिकने कोरल्या. मग अर्धा तास मोटर सिरीज लॅम्पवर हळू फिरत राहिली आणि आम्ही चहा प्यालो.

शिट्टी होती बेअरिंगची. मागचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. नंबर ६०८. आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. तुम्ही लहानपणी स्केटिंग केलंय? चाकात हेच बेअरिंग असतं. फिजेट स्पिनरच्या मध्यभागी पण हेच. मी लगेच म्हटलं, माझ्याकडे घरी स्पिनर आहे. काकांनी ज्या नजरेने बघितलं ते सांगत नाही. माप एक असलं तरी वीस हजार फेऱ्यांना चांगल्या प्रतीचं बेअरिंग लागतं, लोखंडी झाकणाचं, ज्याच्या नंबरापुढे झेडझेड असतं. पुढचं-मागचं दोन्ही बदलली, एकशेऐंशी रुपये. हे काम मात्र घरी करू नका. पंखा काढावा लागतो, काही मोटरींत त्याच्या नटाला उलटे आटे असतात, आणि बेअरिंग पुलरने ओढावं लागतं. हातोडीने ठोकलं तर शाफ्ट वाकतो आणि मग सगळंच गेलं. काकांनी मजुरी तीनशे घेतली. मी पाचशे देत होतो, घेतले नाहीत.

मोटरच जळली असती तर? तीही मापावर मिळते. व्यास, एकूण उंची, पंख्याच्या डब्याची उंची आणि वॅट, एवढं घेऊन जायचं. एक प्रश्न फक्त आधी सोडवायचा: साध्या कोरड्या व्हॅक्यूमची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते, ओल्या-कोरड्या मशीनच्या मोटरला थंड करायला वेगळी हवा असते. कोरडी मोटर ओल्या मशीनमध्ये घातली तर पाणी थेट वाइंडिंगवर.

वायर पूर्ण बदलली. हजार वॅटच्या मशीनला साधारण साडेचार अँपिअर लागतात, त्याला पाऊण चौरस मिलिमीटरची, आयएसआय शिक्का असलेली दोन तारांची गोल केबल पुरते. पाच मीटर, दोनशे रुपये. जिथे वायर आत शिरते तिथलं रबरी बूच नवीन बसवलं, भेगा तिथूनच सुरू होतात. मशीनच्या मागच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण होती, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची तार लागत नाही. झाल्यावर प्लगच्या पिन आणि बाहेरचे लोखंडी भाग यांच्यात मीटर लावून बघितला, काहीच दाखवता कामा नये. नाही दाखवलं. आणि इलेक्ट्रिशियन बोलावून घरात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. तिचे पैसे या हिशोबात धरत नाही. ती चार वर्षांपूर्वीच बसवायला हवी होती.

आता मशीन चालत होतं, पण ओढत नव्हतं. आवाज मात्र चढा. बऱ्याच जणांना वाटतं, आवाज चढला म्हणजे मोटरवर लोड आला. उलट असतं. हवा अडली की पंख्याला ढकलायला हवाच नसते, मोटर मोकळी पळते, म्हणून सूर चढतो. आणि थंड करणारी हवाही अडलेली, त्यामुळे ती तापत राहते. आवाज वेगळा लागला की लगेच बंद करून पिशवी आणि पाइप बघायचा.

पिशवी काढली तर आतून गुलाबी. मी विचारलं हे काय. दर दिवाळीला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आई रांगोळी व्हॅक्यूमने उचलत होती! रांगोळीची पूड इतकी बारीक की कापडाच्या विणीत जाऊन बसते आणि पिशवीचं पोतं होतं. पीओपीची धूळ, सिमेंट, राख यांचंही तेच. कापडी पिशवी उलटी करून झटकली, धुतली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली. ओलसर घालायची नाही. इलॅस्टिक गेलं होतं, ते आईने मशीनवर शिवून दिलं. मोटरच्या आधीचा फोमचा तुकडा हातात घेतल्यावर पीठ झाला, तो तेवढ्याच जाडीचा आणून कापून बसवला.

होज मुठीजवळ चिरला होता. टेप टिकत नाही, वाकवला की सुटते. चिरलेला वीतभर तुकडा कापून टाकला. या पाइपांना स्क्रूसारखी वळी असतात, मूठ फिरवून काढायची आणि नव्या टोकावर परत फिरवून बसवायची. होज वीतभर आखूड झाला, आईच्या लक्षातही आलं नाही. नवा ब्रश किंवा नळी घ्यायची असेल तर आतला व्यास मोजा, बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटर निघतो, आणि त्या मापाचं कुठल्याही कंपनीचं बसतं.

एकूण खर्च आठशे रुपये. माझ्या मूर्खपणाचे २४९ वेगळे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. जुन्या मशीनला हेपा फिल्टर नसतो. मोठी धूळ पिशवीत राहते, अगदी बारीक धूळ मागून बाहेर येते. आईच्या दम्यासाठी हे आदर्श नाही, मला माहीत आहे. आम्ही ठरवलंय की मशीन चालू असताना खिडक्या उघड्या, आणि पिशवी आईने झटकायची नाही, कामाला येणाऱ्या मावशी अंगणात झटकतात, तोंडाला रुमाल बांधून. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले केरसुणीपेक्षा बरं. पुढे कधी नवीन घ्यायचं झालं तर हेपावालंच घेईन. आणि आर्मेचर जळलं असेल, कम्युटेटरच्या पट्ट्या उखडल्या असतील, किंवा बॉडीच तडकली असेल तर मी पण दुरुस्तीच्या नादाला लागणार नाही.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या, या चार गटांतल्या कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे एकत्र मिळावी असा हेतू. पंचवीस वर्षं जुन्या मशीनचा कार्बन त्यावर शोधायला जाऊ नका. पण तुमचं मशीन चार-पाच वर्षांचं असेल आणि कोणी 'पार्ट नाही' म्हणत असेल तर आधी तिथे बघा, आणि वॉरंटीत टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आईने गाद्या काढल्या. मी सोफ्यावर बसून बघत होतो. तिने प्लग लावला, स्विच दाबायच्या आधी सवयीने हात उचलला, मशीनच्या पाठीवर एक थाप मारली, आणि मग स्वतःशीच हसली. स्विच दाबला. चालू झालं. पायात मात्र अजून चप्पल होती. म्हटलं, आई, आता काढ ती. म्हणाली, "असू दे रे. दोन दिवस बघते आधी."

चला, थांबतो. तुमच्या घरच्या मशीनचे कार्बन कुठल्या मापाचे निघाले ते कळवा, मी यादी करतोय.